खोक्याबाहेरचा खर्च आधी धरा
बोर्डगेम घ्यायला महिन्याची रक्कम ठरवून घ्या, हा सल्ला योग्यच, पण बजेट कोलमडतं ते खोक्याबाहेरच्या, म्हणजे खेळाच्या डब्यात न मिळणाऱ्या गोष्टींच्या खर्चाने. 'डॉमिनियन' या पत्त्यांच्या खेळाचंच बघा: ५०० पत्ते, ५९ × ९१ मिमी. स्लीव्ह (पत्त्यावर चढवायची प्लास्टिकची आवरणं) ५० च्या पाकिटाने घेतल्या तर १० पाकिटं लागतात. बरं, अर्धेच पत्ते झाकून भागत नाही. खेळात घेतलेला पत्ता आपल्या डेकमध्येच (पत्त्यांच्या गठ्ठ्यातच) पिसला जातो, मग स्लीव्ह नसलेले पत्ते पाठीवरून लगेच ओळखू येतात. 'कटान' या बोर्डगेमचे पत्ते एवढे पिसावे लागत नाहीत, तिथे स्लीव्ह खुशाल टाळा. मात्र त्याचा मूळ संच ३-४ जणांचाच. पाचवा गडी नेहमीचा असेल तर ५-६ जणांच्या जोडसंचाची किंमत पहिल्या दिवशीच हिशेबात धरा. बाकी एक्सपान्शन (मूळ खेळाला जोडायचे वाढीव संच) मूळ खेळ दहादा मांडून झाल्याशिवाय नकोच.