डिजिटल स्क्रॅपबुक सुरू करताना: जाणकारांनी लिहा

पावसाळ्यात मुंबईच्या कपाटांतले अल्बम कुबट होतात आणि फोटो एकमेकांना चिकटतात. म्हणून फोटो स्कॅन करून संगणकावरच स्क्रॅपबुक (फोटो, रंगीत कागद, फुलं-रिबिनींची चित्रं जोडून सजवलेली वही) लावायचं अनेकांच्या मनात आहे. ज्यांचा यात हात बसलाय त्यांनी नेमकं काय करायचं ते लिहा. घरच्या आठवणी नकोत, आकडे हवेत.

गिरगावकर: सजावटीआधी आकार ठरवा. पान १२ बाय १२ इंच, ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके ते), म्हणजे ३६०० बाय ३६०० पिक्सेल. रंग आरजीबीमध्ये (स्क्रीनची लाल-हिरवा-निळा पद्धत), प्रोफाइल एसआरजीबी (त्यातलं सर्वसाधारण प्रमाण). मोठं पान पुढे ८ बाय ८ इंचांवर सहज उतरतं, पण लहान पान ताणलं की फुटतं. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो टाळा. नेहमीच्या पद्धतीने पाठवला तर फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते, म्हणजे छपाईत जेमतेम सव्वापाच इंच. नातेवाइकांना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. (दोनदा सांगावं लागतं.)

मुलुंडची मावशी: स्कॅनिंगबद्दल. ४ बाय ६ चा फोटो ६०० डीपीआयवर, पासपोर्टचा १२०० वर. काच आधी मायक्रोफायबरने पुसा, नाहीतर प्रत्येक फोटोवरचे ठिपके काढत बसाल. मूळ स्कॅन टिफमध्ये (दर्जा न घटवणारा फाइल-प्रकार) ठेवा, कारण जेपीजी सुधारून पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते.

दाणेदार कागदावरच्या जुन्या फोटोंवर स्कॅनरचा उजेड चमकतो आणि जाळी दिसते. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंश फिरवून स्कॅन करा. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा स्कॅन सरळ करून पहिल्यावर वेगळा थर (लेयर) म्हणून तंतोतंत बसवा आणि वरच्या थराची ओपॅसिटी (गडदपणा) ५० टक्के करा. चमक पुष्कळ मरते.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. मात्र स्वस्त, चपटे स्कॅनर सीआयएस जातीचे (काचेला लागून सेन्सर असलेले) असतात. काचेपासून जरा दूर असलेलं त्यांना धूसर दिसतं. इथे सीसीडी जातीचा (भिंगातून पाहणारा) स्कॅनरच लागतो.

डोंबिवली फास्ट: लोकलची तिकिटं लावणार असाल तर त्यातली काही थर्मल कागदाची (शाईऐवजी उष्णतेने छापलेली) असतात, उन्हाने आणि प्लास्टिकच्या पाकिटात अक्षरं उडतात. प्रवासाच्या दिवशीच स्कॅन करा.

पार्लेकर: सॉफ्टवेअर विकत घ्यायची घाई नको. फोटोपी हे फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये फुकट चालतं आणि पीएसडी (फोटोशॉपची फाइल) उघडतं. पानामागचे कागद (त्यांची चित्रं) जेपीजी, फुलं-बटणं-रिबिनींची चित्रं पीएनजी, कारण पारदर्शकपणा जेपीजीत टिकत नाही, पीएनजीत टिकतो. फ्रेममध्ये फोटो बसवायला क्लिपिंग मास्क (फोटो खालच्या आकारापुरताच दिसतो) वापरा (फोटोशॉपमध्ये कंट्रोल-ऑल्ट-जी). फोटोचा थर फ्रेमच्या आकाराच्या थराच्या वर हवा. खाली गेला तर काही होत नाही आणि माणूस उगाच वैतागतो.

नवशिक्याचं पान ओळखू येतं ते सावलीवरून. उजेडाची दिशा सगळीकडे एकच ठेवा, समजा १२० अंश. कागदाच्या तुकड्याला सावलीचं ५ ते ८ पिक्सेल अंतर पुरतं, बटणाला १५ च्या आसपास. ओपॅसिटी ५० टक्क्यांच्या आत. काळ्याकुट्ट सावलीने पान चिखलल्यासारखं दिसतं.

आणि ३६०० बाय ३६०० मापाचा एक भरलेला थर ४० ते ५० एमबी मेमरी खातो. चाळीस थर झाले की ८ जीबीचा लॅपटॉप मान टाकतो.

अक्षरवेडी: फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मराठी मजकूर तुटतो, वेलांटी भलतीकडे जाते. त्यांत प्रेफरन्सेसमधल्या 'टाइप'मध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा (आणखी जुन्या आवृत्त्यांत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन'), प्रोग्रॅम बंद करून उघडा आणि नवी फाइल घ्या. फॉन्ट युनिकोडच (सगळ्या संगणकांवर चालणारं अक्षरांचं प्रमाण) हवा. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' (Mukta) आणि 'बलू' (Baloo) हे फॉन्ट फुकट मिळतात. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवे असतील तर 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट घ्या, त्याचा हिंदी भाऊ नको.

दादरचा छपाईवाला: कडेने ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडा, ३०० डीपीआयवर साधारण ३५ पिक्सेल. चेहरे आणि मजकूर कडेपासून अर्धा इंच आत. साध्या बाइंडिंगमध्ये दोन पानांवर पसरलेल्या फोटोतलं नाक शिवणीत जातं, त्यासाठी ले-फ्लॅट (पानं सपाट उघडणारं) बाइंडिंग सांगा. स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून काम केलं की छापील प्रत काळवंडलेली येते. आधी त्याच लॅबमधून ४ बाय ६ ची एक चाचणी प्रिंट घ्या, काही रुपयांत कळतं.

पार्लेकर: आणि ती प्रिंट घरच्या पिवळ्या दिव्याखाली तपासू नका, दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरा.