परसातलं, गच्चीतलं कलिंगड : तुमचे अनुभव लिहा

उन्हाळा तोंडावर आलाय. घरी कलिंगडाचा वेल वाढवला असेल तर इथे लिहा. वेल रान माजल्यासारखा पसरतो, पण फळ धरत नाही आणि धरलंच तर कधी तोडायचं ते उमगत नाही, ही बहुतेकांची अडचण. त्यावर जरा सविस्तर येऊ द्या.

पुणे, गच्ची: अर्ध्या ड्रममध्ये शुगर बेबी (छोट्या गोल कलिंगडाचा वाण), बी जानेवारीत टोचते. आधी नुसती नर फुलं येतात, धीर धरायचा. मादी फुलामागे वाटाण्याएवढं लवदार फळ दिसतं. आमच्या मजल्यावर मधमाश्या फिरकत नाहीत, म्हणून सकाळी नऊच्या आत नर फूल खुडून पाकळ्या काढते आणि परागकण मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवते. साधलं तर एकदोन दिवसांत फळ मान खाली घालतं आणि फुगू लागतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. एका वेलावर दोनच फळं ठेवते. वेल मांडवावर असल्याने फळाला जुन्या सुती साडीची झोळी बांधते.

रत्नागिरी: आमच्याकडे भात कापून झालं की लावतात. रोपाला दोन पानं फुटली की तांबडे भुंगेरे हजर. पहाटे दव असताना पानांवर चुलीतली राख भुरभुरवा. फळाखाली पेंढा घाला, भुईला टेकून कुजत नाही.

भंडारा: आम्ही टरबूजच म्हणतो. वैनगंगेच्या पात्रातल्या डांगरवाड्या (नदीच्या वाळूतले टरबुजाचे मळे) पाहतच वाढलो. वाळूत खड्डा करून शेणखत भरतात, तेच अंगणात केलं. पाणी साचलं की वेल गेला समजा.

ठाणे: पिकल्याची खूण? देठाजवळची बाळी (वेलाचा कुरळा तंतू) पूर्ण सुकली पाहिजे आणि जमिनीला टेकलेला पांढरट डाग पिवळा झाला पाहिजे. टिचकीला बदबद आवाज हवा, पण माझा भरवसा बाळीवर. शुगर बेबी फळ धरल्यापासून साधारण 30 ते 35 दिवसांत तयार होतं. शेवटच्या आठवड्यात पाणी कमी करा, गोडी वाढते. मात्र वेल वाळवून एकदम भरपूर पाणी दिलंत तर फळ तडकणार.

गोवा, बार्देश: पर्रा गावची कलिंगडं आमच्याकडे नावाजलेली! सालीचा पांढरा भाग टाकू नका हो. भिजवलेल्या तांदळांबरोबर वाटून पोळे (डोशासारखे) करा, फार मऊसूत होतात. माझ्याकडे जुन्या गावठी वाणाच्या बिया धुऊन सावलीत वाळवलेल्या आहेत. हव्या असतील तर सांगा.