मदत हवी आहे: तिसरीच्या मुलांना स्तंभालेख कसा शिकवू?

नमस्कार मंडळी, माझ्या तिसरीच्या वर्गात २६ मुलं आहेत, त्यांना माहिती गोळा करून स्तंभालेख काढायला शिकवतेय. "शाळेत कसा येतोस?" हा प्रश्न घेतला, चालत, सायकल, रिक्षा, एसटी. मुलं एकमेकांना विचारत फिरली, ताळ्याच्या खुणा पण मस्त जमल्या, पाचवी रेघ तिरकी मारून गठ्ठा करायला त्यांना फार आवडतं. मग प्रत्येकाने एकेक रिकामी काडेपेटी आपण ज्याने येतो त्याच्या नावावर (चालत, सायकल वगैरे) रचली, चालत येणाऱ्यांचा मनोरा सगळ्यात उंच हे न मोजताच कळलं.

अडतंय ते वहीत. चौकटीच्या कागदावर काही मुलं स्तंभ खालच्या रेषेपासून सुरूच करत नाहीत, कुणाचा एक जाड एक बारीक, आणि १ चौकट म्हणजे २ मुलं असं प्रमाण घेतलं की ७ साठी साडेतीन चौकटी का हे काही केल्या पटत नाही, "अर्धा मुलगा कसा बाई?" म्हणतात. प्रमाण आत्ता घ्यावं की चौथीपर्यंत थांबावं?

आणि एका मुलीने विचारलं, मी कधी चालत येते कधी बाबांच्या गाडीवर, मग माझी काडेपेटी कुठे ठेवू? मला हा प्रश्न फार आवडला, पण नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?