चौकात 10 फुटी फुलांचं संत्रं उभं करायचंय (नागपूर): माती, वजन, पाणी?

चौकवाला
डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत वाहतूक बेटावर 3 मीटर व्यासाचं संत्रं ठेवायचं आहे. तोडलेली फुलं नकोत, जिवंत रोपंच हवीत. सध्याचा आराखडा असा: लोखंडी सांगाडा, आत काळी माती, बाहेरून झेंडू, टँकरच्या पाइपने पाणी. वजन किती धरायचं? रोपं किती लागतील?

जाळीकाम
काळी माती पहिले बाद करा, भाऊ. ओली झाली की फुगून जाळी बाहेर ढकलते, सुकली की भेगाळते आणि मुळं तोडते. गोळा आतून पोकळच ठेवा. बाहेरून 12 सेंमी जाडीचा थर पुरतो. मिश्रण आकारमानाने धरा: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 60, गांडूळखत 25, परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) 15 टक्के. पृष्ठभाग 28 चौ.मी. होतो, म्हणजे 3 घनमीटरच्या वर मिश्रण. भिजल्यावर त्याचं वजन पावणेतीन-तीन टन, आणि सांगाडा वेगळा.

खरी फजिती मिश्रण बसण्याने होते. पंधरा दिवसांत ते खाली दबतं, वरच्या कडेला दोन-तीन बोटं पोकळी पडते, तिथली मुळं हवेत लटकतात आणि गोळ्याभोवती तपकिरी पट्टा दिसू लागतो. म्हणून दर 30 सेंमीवर आतून जाळीची आडवी फळी वेल्ड करा. खालून वर भरत या: एक कप्पा भरायचा, ठासायचा, रोपं लावायची, मग पुढचा. जाळीला लावलेल्या जिओटेक्स्टाइलला (मिश्रण अडवून पाणी जाऊ देणारं कापड) अधिकच्या चिन्हासारखा छोटा छेद द्या आणि रोप किंचित वर तोंड करून बसवा.

पाया स्थापत्य अभियंत्याकडूनच काढून घ्या. वाऱ्याच्या भारतीय मानकात (आयएस 875, भाग 3) नागपूरचा मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद आहे. सपाट फलक धरला तर या आकारावर 800 किलोच्या आसपास आडवा रेटा येतो. गोलावर तो कमी भरतो, पण ती सूट अभियंत्याने द्यावी. फेब्रुवारी-मार्चमधलं अवकाळी वादळ विसरू नका.

ठिबकठिबक
पाइप धरून पाणी देणार असाल तर हे काम करूच नका. धारेने मिश्रण वाहून जातं, माथा कोरडा राहतो, तळ सडतो.

30 सेंमी अंतराने 16 मिमीच्या नळीची कडी घाला, त्यावर दर 30 सेंमीला ताशी 2 लिटरचे दाब-नियंत्रित ड्रिपर (थेंब-थेंब पाणी सोडणारी तोटी). साधारण 300 लागतील. सगळे मिळून 5 मिनिटांत 50 लिटर सोडतात. दिवसातून तीनदा दिलं की हिवाळ्यात भागतं. 500 लिटरची टाकी, अर्ध्या एचपीचा पंप आणि टायमर पुरे. पण व्हॉल्व्ह दोन ठेवा: वरच्या एक तृतीयांशाला 7 मिनिटं, खालच्या भागाला 4. पाणी गुरुत्वाने खाली उतरतंच, तळाला वेगळं जास्त द्यायची गरज नाही. डिस्क फिल्टर हवाच. बोअरचं जड पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर बसतो, दर आठवड्याला तपासा.

स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयासमोर अमेरिकन कलाकार जेफ कून्सचं 'पपी', म्हणजे जिवंत फुलांनी मढवलेलं कुत्र्याचं पिल्लू, उभं आहे: 12.4 मीटर उंच, सुमारे 38 हजार रोपं. तिथेही मे आणि ऑक्टोबरमध्ये सगळी रोपं बदलतात. एकच लागवड वर्षभर टिकत नाही, तेव्हा तुम्ही तीन महिन्यांची मुदत ठेवली ते बरोबरच आहे.

रोपवाटिका_विदर्भ
झेंडू बुटका फ्रेंचच घ्या. आफ्रिकन झेंडूचं फूल जड, उभ्या भिंतीवर दांडा मोडतो. 10 ऑक्टोबरच्या सुमारास 98 खणांच्या ट्रेमध्ये पेरा, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावा. अंतर 10 सेंमी, म्हणजे 2,800 रोपं. 10 टक्के जास्तीची हाताशी ठेवा.

जमिनीकडे झुकलेल्या भागात ऊन पोचत नाही, तिथे झेंडू नुसता पानांवर राहतो. त्या भागात स्पायडर प्लांट (लांब पात्यांचं, सावलीत चालणारं रोप) लावा, संत्र्याच्या देठाजवळच्या पानांसाठी हिरवा अल्टरनॅन्थेरा (बुटकं, दाट पानांचं रोप).

सुकलेली फुलं दर चौथ्या दिवशी खुडायला माणूस आधीच ठरवा. पहाटेच्या दवात ती कुजतात आणि बुरशी शेजारच्या कळीत जाते. फेब्रुवारीत हवा तापली की नैऋत्य बाजूला लाल कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) येतो. पानाची वरची बाजू बारीक ठिपक्यांनी फिकी दिसली की ओळखा.

चौकवाला
काळी माती आणि टँकर, दोन्ही रद्द. उद्घाटनाला फुलं कमी असली तर तोडलेली खोचू का?

रोपवाटिका_विदर्भ
खोचा, पण मिश्रणात नको. देठ कुजून रोपांना लागेल. बारीक तारेने जाळीला बांधा आणि तिसऱ्या दिवशी सगळी काढून टाका.