उत्तर: मजूर मुद्दाम हळू काम करतात का?

वर कोणी तरी लिहिलंय की मजूर कामचुकार झालेत, दुपारनंतर प्लास्टर पुढेच सरकत नाही. अहो पण मे महिन्यात बडोद्यात ४२-४३ डिग्री असते, त्यात परांचीवर उभं राहून थापी चालवून बघा जरा. दाहोद, छोटा उदेपूरकडनं आलेली जोडपी साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहतात, रात्री पत्रा गारच होत नाही, झोप नाही मग सकाळी हात कसा चालणार? आमच्या सोसायटीच्या कामात मुकादमाने वेळ बदलली, सकाळी ६ ते ११ आणि मग ४ नंतर, वर प्रत्येक मजल्यावर पाण्याचा माठ. आधी प्यायला खाली उतरावं लागायचं म्हणून लोक पाणीच कमी प्यायचे. काम उलट लवकर उरकलं, आणि भर उन्हात केलेल्या प्लास्टरला जे तडे जातात ते पण कमी.

पाळणाघराचं मात्र अवघडच आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५० हून जास्त बायका असतील तरच मुलांसाठी खोली द्यायची सक्ती होती (तो कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत होता), छोट्या साइटवर असतात ८-१०, मग पोर झोळीत खाली आणि आईचं अर्धं लक्ष तिकडे. याला कामचुकारपणा म्हणायचं?