रीझनरने काढलेले निष्कर्ष डेटाबेसमध्ये कसे साठवायचे? (जेना, टीडीबी२)

नमस्कार मंडळी,

यंत्रांच्या सुट्या भागांची एक ऑन्टॉलॉजी (संकल्पना आणि त्यांच्यातले संबंध मांडणारी रचना) केली आहे. क्लास (प्रकार) शंभराच्या आतच, पण इन्डिव्हिज्युअल (प्रत्यक्ष वस्तू) लाखभर. 'चा भाग आहे' ही प्रॉपर्टी (दोन गोष्टींतला संबंध) ट्रान्झिटिव्ह आहे: वॉशर पंपाचा भाग, पंप इंजिनाचा, म्हणून वॉशरही इंजिनाचा. शिवाय 'पुरवतो' या प्रॉपर्टीला डोमेन दिलंय, त्यामुळे जो काही पुरवतो तो पुरवठादार, हे रीझनर (दिलेल्या माहितीतून नवे निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) आपणहून ओळखतो. प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी एडिटरमध्ये छोट्या नमुन्यावर हर्मिट हा रीझनर चालवला तर सगळं बरोबर, पिवळ्या पट्ट्यात दिसतं.

जेना या जावा लायब्ररीत मात्र प्रोग्राम नव्याने सुरू केला की ये रे माझ्या मागल्या, सगळे निष्कर्ष पुन्हा पहिल्यापासून. मेमरी भरते ती वेगळीच. म्हणून म्हटलं, एकदा काढून साठवून ठेवू.

आधी अख्खं इन्फमॉडेल (मूळ डेटा अधिक निष्कर्ष) टीडीबी२ या जेनाच्या डेटाबेसमध्ये ओतलं. स्पार्कल या क्वेरी भाषेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं झटपट येऊ लागली, दोन दिवस खूश होतो. मग एक पंप एका इंजिनातून काढून दुसऱ्याला जोडला, जुनं ट्रिपल ('पंप इंजिनाचा भाग आहे' असं एक विधान) डिलीट केलं, तरी वॉशर जुन्याच इंजिनात! कुठलं ट्रिपल माझं आणि कुठलं रीझनरचं, आता ओळखायची सोय नाही.

मग गेटडिडक्शन्समॉडेल ही जेनाची मेथड वापरून फक्त निष्कर्ष वेगळे काढायला गेलो. त्यात ना पुरवठादार, ना वॉशर-इंजिन. इन्फमॉडेलला तेच विचारलं तर दोन्ही मिळतात. माझं नेमकं काय चुकतंय? की हे सगळं सोडून मायएसक्यूएलमध्येच टेबल करू?

प्रतिसाद १

तुमचं चुकलेलं नाही, त्या मेथडच्या नावाने फसवलंय. जेनाचा आउल (ऑन्टॉलॉजी लिहायची भाषा) रीझनर हायब्रिड आहे, दोन प्रकारचे नियम वापरतो. फॉरवर्ड, म्हणजे कोणी न विचारताच चालणाऱ्या नियमांनी निघालेलं तेवढंच डिडक्शन्स मॉडेलमध्ये पडतं. डोमेन आणि ट्रान्झिटिव्हचे नियम बॅकवर्ड, म्हणजे कोणी विचारलं तरच चालणारे. तेव्हा इन्फमॉडेलची सगळी स्टेटमेंट्स (ट्रिपल) वाचा, त्यातून मूळ डेटा वजा करा आणि उरलेलं वेगळ्या नेम्ड ग्राफमध्ये (नाव दिलेल्या ट्रिपलच्या गटात) ठेवा. वाचताना दोन्ही ग्राफ एकत्र, लिहिताना फक्त मूळ. डेटा बदलला की निष्कर्षांचा ग्राफ पूर्ण पुसून नव्याने भरा. 'प्रत्येक गोष्ट ही थिंग आहे' असला भुसा मात्र साठवण्याआधीच गाळा.

किंवा लागतात तेवढे चार नियम जेनरिकरूलरीझनर या, स्वतःचे नियम देता येणाऱ्या जेनाच्या रीझनरमध्ये फॉरवर्ड मोडमध्ये लिहा. मला हेच जास्त आवडतं, काय साठतंय ते आपल्या हातात राहतं.

धागाकर्ता

पण पूर्ण पुसायचं कशाला? जे ट्रिपल काढलं, त्याच्यावर उभे असलेले निष्कर्ष तेवढे काढले तर?

प्रतिसाद १

एक पुरवठादार दोन वस्तू पुरवतो असं समजा. एक काढली तरी तो पुरवठादारच राहतो. म्हणजे निष्कर्ष काढून टाकण्याआधी त्याला दुसरा आधार आहे का, ते तपासावं लागतं. डीरेड नावाची पद्धत हेच करते: आधी शंका आहे ते सगळं काढा, मग जे पुन्हा सिद्ध होतं ते परत घाला. स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका. ग्राफडीबी हा डेटाबेस डेटा भरतानाच निष्कर्ष काढून ठेवतो आणि डिलीटचा हिशोबही सांभाळतो, तो बघा.

प्रतिसाद २

मी जरा वेगळं सांगतो. ट्रान्झिटिव्ह साठवूच नका. सरळ साखळीत १००० भाग असतील तर मूळ दुवे ९९९, पण सगळे निष्कर्ष धरून ४,९९,५०० ट्रिपल होतात. तुमची साखळी एवढी लांब नसणार, पण फुगतं ते असं. २०१३च्या स्पार्कल १.१ पासून प्रॉपर्टी पाथ (एकाच क्वेरीत साखळीचे कितीही दुवे चढायची सोय) आहेत. प्रॉपर्टीच्या नावानंतर अधिकचं चिन्ह लावा, इंजिन सापडतं, रीझनर लागत नाही. साठवायचे ते पुरवठादारासारखे टाइप (कोण कुठल्या क्लासचा).

मायएसक्यूएल ८.० मध्येही रिकर्सिव्ह सीटीई (स्वतःच्याच निकालावर पुन्हा चालणारी क्वेरी) आहे, साखळी तिथेही चढता येते. पण प्रत्येक आउल नियम एसक्यूएलमध्ये हाताने लिहीत बसावं लागेल.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. टाइप वेगळ्या ग्राफमध्ये टाकले, 'चा भाग आहे'साठी पाथ वापरला. पंप हलवून पाहिला, वॉशर बरोबर त्याच्या मागे गेला. पुसणं-भरणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवलंय, त्यामुळे कमिट होईपर्यंत वाचणाऱ्यांना जुनंच दिसतं. फक्त रोज ग्राफ पुसूनही डेटाबेसचं फोल्डर वाढतच चाललंय. हे कशामुळे?

प्रतिसाद १

टीडीबी२ जुनी जागा लगेच मोकळी करत नाही. अधूनमधून कॉम्पॅक्ट (जागा आवळायची कमांड) चालवा, आणि ते झाल्यावर जुनं 'डेटा' फोल्डर उडवायला विसरू नका.