लातूर: पार्किंगमधले कॉलम कमजोर निघालेत, काय करून घ्यावं?

लातूरकर: नमस्कार. आमची इमारत १९९८ ची, खाली मोकळं पार्किंग, वर सहा घरं. परवा एका कॉलमचा गिलावा फुगला म्हणून मिस्त्रीनं ठोकून पाडला, तर आत सळईचे पापुद्रे निघाले. रिंगांमध्ये (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांमध्ये) टेप धरली, ९ इंच अंतर! कॉलमही ९ बाय १२ चाच. मिस्त्री म्हणतो, जाळी मारून दोन इंचाचा थर देतो, वीस वर्षं बघायचं काम नाही. शेजारचे कॉलमला कार्बन फायबरचं कापड गुंडाळायला सुचवतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात पहाटे वडिलांनी मला झोपेतच उचलून अंगणात आणलं होतं. तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आई अजून रात्री आतून कडी लावत नाही. कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

गज_आणि_काँक्रीट (संभाजीनगर): दादा, तो दोन इंचाचा थर अजिबात देऊ नका. गंज झाकला जाईल, ताकद वाढणार नाही. भूकंपात कॉलम बहुतेक वर बीमखाली नाहीतर खाली पायाशी फुटतो. तिथं रिंगा विरळ असल्या की उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट भुगा होऊन निसटतं. रिंगेचं टोक काटकोनात वळवलं असेल तर ती उघडते, ते १३५ अंशांत आत वळलेलं हवं. तुमचं कसं आहे बघा.

आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आयएस १५९८८ (जुन्या इमारती भूकंपासाठी तपासून मजबूत करण्याचं भारतीय मानक) प्रमाणे तपासणी करून घ्या. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रंग बदलणारं रसायन टाकतात. गुलाबी झालं तर ठीक, रंग आला नाही तर त्या काँक्रीटचा सळईला गंजापासून आधार संपला.

तुमच्याकडे मला काँक्रीट जॅकेटिंगच योग्य वाटतं. कॉलमभोवती नव्या उभ्या सळया, जवळजवळ रिंगा, किमान ४ इंच नवं काँक्रीट. सळया खाली फुटिंगमध्ये (कॉलमच्या पायात) बसवायच्या, वर स्लॅबला भोकं पाडून पुढच्या मजल्यात न्यायच्या. स्लॅबखालीच तोडल्या तर जोड कच्चाच राहतो. फायबरनं जागा वाचते, रिंगांची उणीवही बरीच भरून निघते, पण वाकण्याला तोंड देण्याची ताकद फारशी वाढत नाही. शिवाय गंज साफ न करता गुंडाळलं तर गंज आतच कोंडतो.

आणि एकच कॉलम जाड करू नका, तो ताठ होऊन भूकंपाचा जोर स्वतःवर ओढून घेतो. पार्किंगचे सगळे कॉलम एकत्र हिशोबात धरायला सांगा. भूजच्या भूकंपात, २६ जानेवारी २००१ ला, अहमदाबादेत अशाच मोकळ्या पार्किंगवरच्या इमारती बसल्या.

धाराशिवची_ताई: आम्ही गेल्या वर्षी जॅकेटिंग केलं. पहिल्या ठेकेदारानं टेकू न देता दोन कॉलम एकदमच छिलायला घेतले होते, आम्ही त्याच दिवशी काम थांबवलं. जॅक लावल्याशिवाय छन्नी लावू देऊ नका. नवं काँक्रीट बीमखाली शेवटच्या चार बोटांत पोचत नाही, फट राहते. ती ग्राउटनं (पातळ सिमेंटच्या मिश्रणानं) भरली का ते स्वतः बॅटरी मारून बघा. आणि पाणी कुठून मुरतंय ते आधी शोधा, भाऊ.

लातूरकर: ताई, ड्रेनेजचा पाइप त्याच कॉलमला चिकटून उतरतो. सर, आत्ताच खाली जाऊन बघून आलो, रिंगेचं टोक काटकोनातच आहे. मिस्त्रीला फोन केलाय, उद्या येऊ नको म्हणून.